पडवीतली बैठक: जगण्याच्या अर्थाविषयी मतभेद असलेल्यांना एकत्र कसे बसवावे

गणपतीच्या दिवसांत रात्रीची आरती आटोपून भजनी मंडळ पुढच्या घरी गेले, की कोकणातल्या पडवीत सतरंजीवर आठ-दहा माणसे उरतात. त्यांत मुंबईहून आलेला चाकरमानी असतो, गाव न सोडलेला त्याचा थोरला भाऊ असतो, एखादे निवृत्त गुरुजी असतात, कॉलेजात शिकणारी पुतणी असते आणि कधी कधी मोहल्ल्यातले जुने शेजारीही प्रसाद घ्यायला येऊन बसलेले असतात. त्या वर्षात गावातले कोणी अकाली गेले असेल, तर बोलणे हमखास "एवढी धडपड करायची ती कशासाठी?" या प्रश्नावर येते. यानंतर सहसा दोनच गोष्टी घडतात: एक तर कोणीतरी प्रवचन सुरू करतो, नाहीतर "ज्याचे त्याचे मत" म्हणून सगळे अंथरुणाकडे वळतात. या दोन्ही गोष्टी टाळून हे बोलणे दीड तास नीट कसे चालवावे, याची माझ्या अनुभवातून आलेली पद्धत पुढे देत आहे.

बैठकीची वेळ ठरवताना घड्याळापेक्षा स्वयंपाकघराकडे पाहावे. मोदकाची भांडी घासायची राहिली असतील तर घरातल्या निम्म्या माणसांची मते चुलीपाशीच राहतात, म्हणून पुरुषांनी आधी ती भांडी घासून टाकावीत आणि सगळे बसले की मगच विषय काढावा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला पहिल्यांदा बोलायला सांगू नये. त्यात अनादर नाही. आजोबा बोलून गेल्यावर नातवंडे काहीही वेगळे बोलत नाहीत, एवढेच त्याचे कारण आहे. देवापुढे गाऱ्हाणे घालताना एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणावे हे शोभते; इथे ती रीत उपयोगाची नाही.

विषय निघाला की प्रथम "अर्थ" हा शब्द सोडवून घ्यावा. मराठीत हा शब्द फार ओझे वाहतो. वाक्याचा अर्थ म्हणतो तेव्हा आशय अभिप्रेत असतो, धर्म-अर्थ-काम-मोक्ष म्हणतो तेव्हा धन आणि उपजीविका, पुरुषार्थ म्हणतो तेव्हा माणसाने गाठायचे उद्दिष्ट, आणि "आता जगण्यात अर्थ नाही" म्हणतो तेव्हा जगण्याचे मोल. एक जण आपल्याला कोणी आणि कशासाठी घडवले याविषयी बोलत असतो, दुसरा चांगले कसे जगावे याविषयी, आणि तिसरी दुःख सोसण्याइतके जगणे मोलाचे आहे का हे विचारत असते. तिघेही तावातावाने भांडतात, पण त्यांनी उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची दिलेली असतात. म्हणून प्रत्येकाच्या बोलण्यानंतर यजमानाने एकच विचारावे: "तुम्ही हेतूबद्दल बोललात, रीतीबद्दल की मोलाबद्दल?" माझ्या अनुभवात निम्मी भांडणे एवढ्यानेच मिटतात. उरलेली खरी असतात आणि त्यांच्यासाठीच बसायचे असते.

मी पहिल्यांदा अशी बैठक घातली तेव्हा सरळ "जीवनाचा अर्थ काय?" असेच विचारले होते. एका नातेवाइकांनी चाळीस मिनिटे उत्तर दिले आणि त्यात त्यांचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. तेव्हापासून मी मोठा प्रश्न पोटात ठेवून लहान प्रश्न विचारतो. आमच्याकडे उत्तम चालतो तो असा: सत्तरीतल्या माणसाने बाणवली माडाचे रोप का लावावे? हा माड साधारण ६-७ वर्षांनी फळाला येतो आणि पुढे ऐंशी वर्षेही उभा राहतो, म्हणजे लावणाऱ्याच्या वाट्याला त्यातले थोडेच येणार, हे पडवीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे कोणालाही पुस्तकामागे लपता येत नाही.

या प्रश्नाला मिळणारी उत्तरे पाहण्यासारखी असतात. गीता वाचणारे गुरुजी सांगतात की रोप लावणे आपल्या हातात आहे, नारळ नाही. मोहल्ल्यातले चाचा हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने, सांगतात: कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाका, शिवाय लावलेल्या झाडाचे फळ पक्ष्याने, माणसाने किंवा गुराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे दान म्हणून जमा होते. अलिबागकडे वाढलेल्यांना शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, म्हणजे कोकणातले बेने इस्रायल ज्यू, ऐकून माहीत असतात. त्या ज्यू परंपरेच्या तालमूद या ग्रंथात होनी नावाच्या साधूची गोष्ट आहे. त्याला एक माणूस कॅरोबचे झाड लावताना दिसतो. फळ धरायला सत्तर वर्षे लागतात, तू तेवढा जगशील का, असे होनी विचारतो, तेव्हा तो म्हणतो की मी जगात आलो तेव्हा वाडवडिलांनी लावलेली झाडे होती, तशीच मी मुलांसाठी लावतो. एवढ्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या की थोरला भाऊ विडी बाजूला ठेवून म्हणतो, "माका खड्डो खणूक बरा वाटता, म्हणान मी लावतंय." हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. देव, पुण्य, वंश यांपैकी कशाचाही आधार न घेता कृतीतच समाधान पाहणारे ते एक स्वतंत्र मत आहे आणि यजमानाने त्याला गुरुजींच्या उत्तराइतकाच वेळ द्यावा.

सगळ्यांचे बोलून झाले की बैठकीतला सर्वांत अवघड भाग सुरू होतो. प्रत्येकाने आपल्याला न पटलेले एक मत निवडून ते अशा शब्दांत मांडावे, की मूळ मत असणाऱ्याने "हो, हेच मला म्हणायचे होते" असे म्हणावे. तसे म्हणेपर्यंत विरोध करण्याची परवानगी नाही. या नियमाची गरज चार्वाकाकडे पाहिले की कळते. "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्", म्हणजे कर्ज काढून तूप प्यावे, एवढेच त्याचे म्हणणे होते असे आपण समजतो, पण त्याच्या लोकायत मताचे मूळ ग्रंथ बहुतेक नष्ट झाले असून ते आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या लिखाणातून, विशेषतः १४व्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून माहीत आहे. पडवीतल्या एखाद्या पोराने "मेल्यावर काही नाही, म्हणून आज नीट जगायचे" म्हटले, की घरचे त्याचेही असेच तूप करून टाकतात. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन पक्षांच्या गाण्यांच्या सामन्यात, एका बाजूने घातलेल्या सवालाला दुसऱ्या बाजूने जवाब द्यावा लागतो आणि सवाल चुकवणाऱ्याची फजिती होते. त्या सामन्यातली जिंकण्याची ईर्षा सोडून द्यावी, पण विचारलेल्या सवालाचेच उत्तर देण्याची शिस्त जरूर घ्यावी.

यानंतर कोणीतरी गोड आवाजात "शेवटी सगळे एकच सांगतात" असे म्हणेल. ते वाक्य यजमानाने तिथेच अडवावे, कारण ते खरे नाही. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले आणि ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्ञान झाल्यावर कर्म सोडावे हा शंकराचार्यांच्या भाष्याचा कल त्यांनी नाकारला आणि ज्ञानी माणसानेही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाज नीट चालावा यासाठी, कर्म करीत राहिले पाहिजे असे मांडले. म्हणजे एकाच गीतेवर दोन थोर वाचक एकमत नाहीत. पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) सोऽहम् ("तो मीच") साधनेतून आत्मस्वरूप ओळखण्याचा मार्ग सांगत. उलट मंडणगड तालुक्यातले आंबडवे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात आत्म्याची कल्पनाच नाकारून माणसामाणसांतले संबंध आणि जगाची पुनर्रचना यांना केंद्रस्थानी ठेवले. आत्मा आहे आणि आत्मा नाही, या दोहोंची बेरीज होत नाही. मतभेद नेमका कुठे आहे तेवढे बोट ठेवून दाखवावे आणि तो तसाच राहू द्यावा. दोन्हीकडच्या माणसांना त्याने जास्त मान मिळतो, असे मला वाटते.

एक सावधगिरी मात्र काटेकोरपणे पाळावी. "जगण्यात अर्थ नाही" हे वाक्य कधी मत म्हणून येते, तर कधी बुडणाऱ्याची हाक म्हणून. बोलणाऱ्याचा आवाज पडलेला असेल, झोप आणि जेवण सुटले असेल, कर्जाचा किंवा निरोपाचा उल्लेख येत असेल, तर चर्चा थांबवून त्याच्याशी खळ्यात एकट्याने बोलावे, मरणाचे विचार येतात का हे स्पष्ट विचारावे, रात्री त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही दिवसरात्र चालतो. अशा वेळी टिळक किंवा चार्वाक ऐकवणे हा निव्वळ क्रूरपणा ठरतो.

बैठक संपवताना मतदान घेऊ नये आणि समारोपाचे भाषणही करू नये. एक साधी वही ठेवावी, त्यात प्रत्येकाने आपले मत स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावे आणि खाली तारीख घालावी. लिहिता न येणाऱ्या आजीचे वाक्य पुतणीने तिच्याच बोलीत उतरवून घ्यावे, प्रमाण भाषेत सुधारू नये. पुढच्या गणपतीत बैठकीची सुरुवात ही वही वाचून करावी. ज्याला आपले गेल्या वर्षीचे वाक्य पटेनासे झाले असेल त्याने त्यावर एक रेघ मारावी, पण खालचे अक्षर वाचता येईल इतपतच, आणि शेजारी नवे वाक्य लिहावे.