हिपॅटायटिस बी असताना लिव्हरवर चरबी आढळल्यास काय करावे

हिपॅटायटिस बीचा संसर्ग सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या रुग्णाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असा शेरा आला, तर तो किरकोळ समजून फाईल कपाटात ठेवू नये. विषाणू आणि चरबी ही एकाच यकृतावरची दोन ओझी आहेत आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

रक्ततपासणीतले एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारे एन्झाइम) वाढले असले तरी ते विषाणूमुळे की चरबीमुळे, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. म्हणून एचबीव्ही डीएनए (रक्तातले विषाणूचे प्रमाण), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाईल (रक्तातली चरबी) आणि यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन हे सर्व अहवाल एकत्र ठेवून पोटविकारतज्ज्ञांना दाखवावेत. डीएनए कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण विषाणू शांत असतानाही चरबीमुळे यकृत कडक होत जाऊ शकते. विषाणू दाबणाऱ्या टेनोफोविर किंवा एन्टेकॅविरच्या गोळीने चरबी उतरत नाही. तरीही ती गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, कारण विषाणू पुन्हा उसळून यकृत निकामी होण्याची वेळ येऊ शकते.

चरबीवर खरा उपाय वजन उतरवणे हाच आहे. ८० किलोच्या माणसाने ७ ते १० टक्के, म्हणजे साडेपाच ते आठ किलो वजन सावकाश कमी केले, तर यकृताची सूजही ओसरू लागते. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी. कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा कायमचा सोडा, असे सांगणे मला पटत नाही. रस्सा थोडा निवू द्यावा, वर आलेला लाल तवंग डावाने काढून टाकावा आणि वाटीभरच भाकरीसोबत घ्यावा. मिसळीवर कट पुन्हा मागू नये. गूळ आपल्या मातीतला असला तरी यकृताच्या दृष्टीने ती साखरच आहे. रंकाळ्यावर झपझप चालणे आठवड्याला १५० मिनिटे तरी व्हावे.

दारू पूर्ण बंद करावी आणि काविळीवरचा झाडपाला कोणाच्याही आग्रहाने घेऊ नये.

हिपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस (यकृत व्रणांनी कायमचे कडक होणे) नसतानाही यकृताचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. घरातल्या सर्वांची तपासणी करून, ज्यांना संसर्ग किंवा संरक्षण नाही त्यांना लसीचे तीन डोस द्यावेत. एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश.