डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या विंडोत एचटीएमएल कसं दाखवायचं, गुळाच्या पट्टीवरून समजून घेऊ

कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी, उद्यमनगरातल्या वर्कशॉपसाठी, गुजरीतल्या सराफांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं भरपूर आहेत, आणि यातलं बरंचसं काम अजून डेस्कटॉपवरच चालतं, कारण सौद्याच्या टायमाला नेट गेलं तरी दुकान थांबून चालत नाही. अशा कामात एक मागणी हमखास येते की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब दाखवणारा कागद, स्क्रीनवर लेटरहेडसकट मराठीत दिसली पाहिजे आणि जशी दिसते तशीच छापली पाहिजे. त्यासाठी लेबलं आणि ग्रिड जुळवत बसण्यापेक्षा पट्टी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, बनवून आपल्याच विंडोत दाखवणं लई सोपं पडतं. मी विंडोज आणि सी शार्प धरून लिहितोय, बाकीच्यांचं मधे मधे येईल.

आधी एक ठरवा, पूर्ण ब्राउझर इंजिन, म्हणजे वेबपान वाचून स्क्रीनवर काढणारा भाग, खरंच लागतंय का? नुसतं ठळक अक्षर, थोडा रंग, एखादा साधा टेबल एवढंच असेल तर क्यूटी या विंडो बनवायच्या लायब्ररीतलं क्यूटेक्स्टब्राउझर पुरतं, जावामधलं जेएडिटरपेन पण चालतं, फक्त ते एचटीएमएल ३.२ च्या पुढचं धरत नाही. यात जावास्क्रिप्ट चालत नाही आणि सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणारे नियम, अगदी मोजकं चालतं. मदतीचं पान दाखवायला हे उत्तम, हलकं आणि झटपट. पण पट्टीत रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम असे कॉलम, त्यांच्या रेषा, कागदाचा साईज हे सगळं नेमकं लागतं, तिथं खरं इंजिनच पाहिजे.

विनफॉर्म्सच्या (सी शार्पमध्ये विंडो बनवायच्या साधनाच्या) टूलबॉक्समध्ये वेबब्राउझर नावाचा जुना कंट्रोल दिसतो, नवीन काम असेल तर तो घेऊ नका. त्याच्या आत इंटरनेट एक्स्प्लोररचं (आयई) इंजिन आहे, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, ब्राउझर इम्युलेशनची नोंद केली नाही तर ते बहुतेक वेळा आयई ७ सारखंच वागतं, मग फ्लेक्सबॉक्स ही सीएसएसमधली मांडणीची पद्धत चालत नाही आणि तुम्ही उगाच सीएसएसमध्ये चूक शोधत बसता. तिथं आपल्या एक्सईच्या नावानं ११००१ ही किंमत टाकली की आयई ११ पर्यंत येतं, पण त्याच्या पुढं रस्ता नाही. विंडोज १० वर आयई ११ ला मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला रिटायर केलंय. जुनं चालू सॉफ्टवेअर सांभाळायचं असेल तर ठीक.

नवीन कामाला वेबव्ह्यू२ घ्या. हे एज ब्राउझरचं क्रोमियम इंजिन आहे, नुगेट या पॅकेजच्या भांडारावरून पॅकेज टाकायचं आणि कंट्रोल फॉर्मवर ओढायचा. याला रनटाइम, म्हणजे इंजिन चालवणारा मशीनवर वेगळा बसवायचा भाग, लागतो. विंडोज ११ मध्ये तो आलेलाच असतो, विंडोज १० वर बहुतेक ठिकाणी असतो पण धरून चालू नका, इन्स्टॉलरमध्येच तपासणी ठेवा. दुकानात नेट नसेल तर छोटा डाउनलोडर तिथं काही कामाचा नाही, पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घेऊन जा. विंडोज ७ वर रनटाइम १०९ व्हर्जनलाच थांबलाय, सिक्युरिटी अपडेट पण नाहीत, त्यामुळं तसं मशीन असेल तर मालकाला आधीच स्पष्ट सांगा.

आता कोडचा क्रम. कंट्रोल फॉर्मवर आला म्हणजे इंजिन चालू झालं असं नसतं. आधी एन्शुअर-कोअरवेबव्ह्यू२-असिंक हे फंक्शन अवेट करायचं, म्हणजे विंडो न अडवता ते होईपर्यंत थांबायचं, ते पूर्ण झालं की मग नॅव्हिगेट-टू-स्ट्रिंगला एचटीएमएल द्यायचं. उलटं केलं तर एक्सेप्शन येतं. आणि अवेटच वापरा, तिथं वेट किंवा रिझल्ट लावलं तर यूआय थ्रेड स्वतःचीच वाट बघत अडकतो आणि विंडो गोठते.

दुसरी जागा जिथं बरेच जण अडकतात ती म्हणजे युजर डेटा फोल्डर. काही सांगितलं नाही तर वेबव्ह्यू२ आपला कॅशे वगैरे एक्सईच्या शेजारीच फोल्डर करून ठेवायला बघतं. आपल्या लॅपटॉपवर प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवताना सगळं मस्त चालतं, पण दुकानात सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये बसतं, तिथं साध्या युजरला लिहायची परवानगी नसते आणि पट्टीच्या जागी एरर येते. म्हणून एन्व्हायरन्मेंट तयार करतानाच लोकल अ‍ॅपडेटामधला आपला फोल्डर द्या, पहिल्या दिवसापासून.

लोगोचं काय करायचं? स्ट्रिंगमधून दिलेलं पान म्हणजे कोरं पान असतं, त्याला डिस्कवरची चित्रं उचलू देत नाहीत, त्यामुळं सी ड्राइव्हचा पाथ टाकला तरी लोगोच्या जागी तुटकं चित्र दिसतं. लोगो छोटा असेल तर बेस६४ करून, म्हणजे चित्राचं अक्षरांत रूपांतर करून, एचटीएमएलमध्येच घाला. चित्रं, फॉन्ट, सीएसएस असा पसारा असेल तर सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, पट्टीची फाइल पण तिथंच लिहा, आणि व्हर्च्युअल होस्ट मॅपिंग करून त्या फोल्डरला एक खोटं डोमेन नाव द्या, मग त्या पत्त्यावर नॅव्हिगेट करा. नाव डॉट एक्झाम्पलनं संपणारं घ्या, ते कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते कारण डिझाइन बदलायला एक्सई पुन्हा बिल्ड करावी लागत नाही.

साईजची मर्यादा पण आहे. नॅव्हिगेट-टू-स्ट्रिंगला २ एमबीच्या वर चालत नाही. पायथॉन किंवा सी प्लस प्लसमधून क्यूटीचं क्यूवेबइंजिनव्ह्यू वापरणाऱ्यांनी इथं जास्त लक्ष द्या, कारण तिथलं सेट-एचटीएमएल मजकूर आधी पर्सेंट-एन्कोड करतं (इंग्रजी सोडून बाकी अक्षरांच्या प्रत्येक बाइटच्या जागी % आणि दोन अक्षरं) आणि मग २ एमबी मोजतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, पर्सेंट-एन्कोड झाल्यावर तेच ९ बाइट होतं. म्हणजे काना-मात्रा वेगळे धरून साधारण सव्वादोन लाख चिन्हांत मर्यादा संपते, आणि इंग्रजीत टेस्ट केलेलं पान मराठीत कोरं येतं. एका पट्टीला हे कधीच लागणार नाही, पण शेतकऱ्याचा वर्षाचा खातेउतारा किंवा सगळ्या हंगामाचा रिपोर्ट असेल तर तो फाइलमध्ये लिहून ती फाइल लोड करा.

मराठीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण ही पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाते आणि त्याला ती वाचता आलीच पाहिजे. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा आणि वर मेटा टॅगमध्ये चारसेट लिहा, नाहीतर नावाच्या जागी कचरा दिसतो. पानाच्या मुख्य टॅगला लँग एमआर द्या, ज्या फॉन्टात मराठी वळणाचा ल आणि श असतो तिथं तो त्यामुळंच उमटतो. विंडोज ८ पासून निर्मला यूआय फॉन्ट असतो, तरी आपला फॉन्ट फोल्डरमध्ये सोबत दिला तर सगळ्या मशीनवर पट्टी सारखी दिसते. जुना डेटा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल तर फॉन्ट बदलून भागणार नाही, तो कन्व्हर्टरमधून युनिकोड करूनच घ्यावा लागतो. आकड्यांना सी शार्पमध्ये मराठी कल्चर लावलं तर स्वल्पविराम लाखाच्या हिशेबानं येतात पण आकडे इंग्रजीच राहतात. पानावरच्या जावास्क्रिप्टमध्ये टू-लोकेल-स्ट्रिंगला मराठी दिलं की १,२५,००० असं देवनागरीत येतं.

डेटाबेसमधलं कुठलंही नाव थेट एचटीएमएलमध्ये जोडू नका. यार्डात फर्मच्या नावात अँडचं चिन्ह असतंच, शेऱ्यात कुणी लहान-मोठ्याचं चिन्ह टाकलं की पुढचा मजकूरच गायब होतो, आणि कुणी मुद्दाम स्क्रिप्ट घातली तर ती तुमच्या सॉफ्टवेअरच्या आत चालते. प्रत्येक व्हॅल्यू एचटीएमएल-एन्कोड करूनच आत सोडायची, यात सूट नाही. तसंच नॅव्हिगेशन-स्टार्टिंग इव्हेंटमध्ये आपला पत्ता सोडून बाकी सगळं रद्द करा, नवी विंडो उघडायची मागणी आली तर ती पण अडवा, बाहेरची लिंक असलीच तर ती साध्या ब्राउझरमध्ये उघडू द्या. पानावरच्या बटणातून प्रोग्रामला निरोप द्यायचा तर पोस्ट-मेसेज पुरतं, आख्खं सी शार्प ऑब्जेक्ट पानाच्या हवाली करायची गरज नसते.

प्रिंटला सीएसएसमध्ये अ‍ॅट-पेज लिहून ए५ किंवा ए४ ठरवा, टेबलचं शीर्षक टीहेडमध्ये ठेवा म्हणजे लांब पट्टीत ते प्रत्येक पानावर येतं, बेरजेच्या ओळीला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड लावा. प्रिंट-टू-पीडीएफ फंक्शन वापरलं तर पीडीएफ तयार होते आणि तीच शेतकऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते. पण कार्बन लावून डॉट मॅट्रिक्सवर छापणारं दुकान असेल तर एचटीएमएलचा हट्ट सोडा, तिथं ते चित्रासारखं सावकाश छापतं आणि काउंटरवर रांग लागते. त्यांच्यासाठी साध्या टेक्स्टची वेगळी प्रिंट द्या आणि एचटीएमएल स्क्रीन आणि पीडीएफपुरतं ठेवा.

पायथॉनवाल्यांना पायवेबव्ह्यू बरं पडतं, विंडोजवर ते पण आतून वेबव्ह्यू२च वापरतं. इलेक्ट्रॉन प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर स्वतःचं आख्खं क्रोमियम नेतं, कमी रॅमच्या दुकानी मशीनवर मी तरी ते टाकणार नाही.

देण्याआधी साध्या युजर अकाउंटवर, नेट काढून, प्रोग्राम फाइल्समध्ये इन्स्टॉल करून, जोडाक्षरांनी भरलेल्या नावाची एक पट्टी आणि हंगामाचा एक मोठा रिपोर्ट काढून बघा, आणि तो त्या दुकानाच्याच प्रिंटरवर छापा.