अधिवेशन संपल्यावर: मतदारसंघासाठी आमदारांचं वार्तापत्र कसं काढावं

विधिमंडळाचं अधिवेशन वर्षातून साधारण तीनदा होतं. मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पी, जून-जुलैत पावसाळी, हे दोन्ही मुंबईत, आणि डिसेंबरात हिवाळी नागपूरला. प्रत्येकानंतर मतदारसंघात एक वार्तापत्र जायला हवं. मराठवाड्याच्या 46 मतदारसंघांत अशी पत्रकं निघतातही, पण बरीचशी फोटो आणि शुभेच्छांनी भरलेली असतात. गावातल्या वाचणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: ही बाब नक्की कुठवर आली, आणि मला काही करायचं असेल तर कोणत्या कार्यालयात कोणते कागद घेऊन जाऊ. प्रत्येक बातमीत ही दोन उत्तरं असली की पत्रक घरात जपून ठेवलं जातं. पुढचं सगळं आमदारांच्या कार्यालयात लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि वाटणाऱ्या माणसांसाठी आहे.

आधी टप्पा ठरवा, मग मथळा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सभागृहात मागणी केली, मंत्र्यांनी आश्वासन दिलं, विधेयक मांडलं, विधेयक मंजूर झालं, कायदा झाला, ह्या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि पत्रकात सगळ्यांना ‘मंजूर’ हा एकच शब्द लावला जातो. मग माणूस दिवसाची मजुरी बुडवून तहसीलला जातो, तिथे ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ असं ऐकतो, आणि पुढच्या खेपेला पत्रक उघडतसुद्धा नाही.

म्हणून प्रत्येक बातमीच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत टप्पा लिहा. तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी), औचित्याचा मुद्दा: यांतून निघते ती माहिती किंवा आश्वासन. आश्वासन असेल तर मंत्र्यांचं खातं आणि तारीख लिहून ठेवा. पाळलं गेलं नाही तर विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे (दिलेली आश्वासनं पाळली का ते ती बघते) जाताना तीच उपयोगी पडते. विधेयक असेल तर एका सभागृहात मंजूर झालं की दोन्ही, हे सांगा. त्यानंतर ते राज्यपालांकडे जातं आणि तिथून राष्ट्रपतींकडेही पाठवलं जाऊ शकतं. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं, आणि वर्षानुवर्षं कायदा झालं नाही. तेव्हा ‘शक्ती कायदा आला’ असं छापणाऱ्यांनी महिलांना नसलेल्या संरक्षणाची हमी दिली. ही साधी चूक नव्हे.

संमती मिळून राजपत्रात प्रसिद्ध झालं तरी पहिलं कलम वाचल्याशिवाय ‘लागू’ म्हणू नका. तिथे ‘राज्य शासन अधिसूचनेद्वारे नियुक्त करील अशा दिनांकास अंमलात येईल’ असं असलं, तर ती वेगळी अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावरच राहतो. तसं काही लिहिलेलं नसेल तर संमती मिळालेला कायदा राजपत्रात पहिल्यांदा प्रसिद्ध होतो तो दिवस धरायचा. त्यानंतरही नियम निघायचे असतात. अर्जाचा नमुना, फी, मुदत हे बहुतेक वेळा नियमांतच असतं. अध्यादेश असेल तर तो निघाल्या दिवसापासून कायद्यासारखाच चालतो, पण विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा घेणारं विधेयक मंजूर झालं नाही, तर तो संपतो. हे एक वाक्य पत्रकात जरूर असू द्या.

शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो, तो कायदा नव्हे. विभाग तो काढतो आणि दुसऱ्या निर्णयाने बदलतोही. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला ही बातमी तर त्याच्याही आधीच्या टप्प्यावरची. जीआर निघेपर्यंत खालच्या कार्यालयाला हात हलवता येत नाही. एक रुपयात पीकविमा हे जीआरवर चाललेलं उदाहरण. खरीप 2023 ला सुरू झाला आणि खरीप 2025 पासून बंद होऊन विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत (सोयाबीन, तूर) आणि 5 टक्क्यांपर्यंत (कापूस) हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. जुनी पत्रकं आणि जुने संदेश मात्र व्हॉट्सअॅपवर फिरतच राहतात, म्हणून प्रत्येक बातमीवर ‘अमुक तारखेपर्यंतची माहिती’ असं छापा.

हैदराबाद गॅझेटिअरबाबतचा (निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे मराठा समाजातल्या पात्र व्यक्तींना कुणबी जात प्रमाणपत्र देण्याचा) 2 सप्टेंबर 2025 चा निर्णयही शासन निर्णयच आहे. त्यावर लिहिताना बाजू मांडण्यापेक्षा प्रक्रिया सांगा: गावपातळीवरच्या समितीत कोण असतं, आणि जात प्रमाणपत्र देण्याचा अधिकार उपविभागीय अधिकाऱ्यांचा आहे, ग्रामपंचायतीचा नाही. हा विषय इथे घराघरात नाजूक आहे. एक शब्द इकडेतिकडे झाला तर पत्रकाचा उपयोग भांडणाला होतो.

मूळ कागद हातात घ्या

वर्तमानपत्रातल्या कात्रणावरून वार्तापत्र लिहू नये. विधेयकाची प्रत, राजपत्र (असाधारण), जीआर, यांपैकी जे असेल ते उघडा. जीआरच्या माथ्यावर विभाग, क्रमांक आणि दिनांक असतो, शेवटी संगणक संकेतांक असतो. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून कागद खरा आहे का ते पाहा. बनावट जीआर हुबेहूब दिसतात, पण संकेतांक टाकला की उघडे पडतात. ‘वाचा’ खालची यादी सोडू नका. कोणता जुना निर्णय बदलला ते तिथून कळतं. शुद्धिपत्रक निघालं आहे का तेही बघा, कारण मुदत किंवा रक्कम अनेकदा त्यातच बदललेली असते.

सुधारणा विधेयक एकट्याने वाचून काहीच कळत नाही. ‘कलम अमुकमध्ये, या मजकुराऐवजी हा मजकूर’ एवढंच त्यात असतं. मूळ अधिनियम शेजारी ठेवा, दोन ओळी लिहा: आधी असं होतं, आता असं आहे. तुकडेबंदीचं घ्या, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा (‘प्रमाणभूत क्षेत्र’) लहान शेतजमिनीच्या तुकड्यांवरची बंदी. मूळ कायदा 1947 चा. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे झालं. ‘प्रमाणभूत क्षेत्रात सुधारणा’ म्हटलं की कोणी थांबत नाही. ‘अर्ध्या एकरापेक्षा लहान जिरायत तुकड्याची खरेदी करताना अडचण येईल’ म्हटलं की बांधावरचा माणूस थांबून वाचतो.

मराठवाड्यासाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि ती फारच कमी जण घेतात. इथले जमिनीचे कितीतरी कायदे निजामी राजवट संपल्यानंतरच्या हैदराबाद राज्याचे आहेत. कूळ कायदा म्हणजे इथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. पश्चिम महाराष्ट्रात 1948 चा, विदर्भात 1958 चा. इनाम जमिनींसाठी हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याबाबतचा 1954 चा अधिनियम. पुण्याकडच्या पत्रकातला मजकूर उचलून कुळाला मिळालेली जमीन विकण्याबाबतचं ‘कलम 43’ छापलं, तर इथल्या तलाठ्याच्या सज्जात ते चालणार नाही. इथे ते कलम 50-ब आहे. याच विषयावरची बातमी साधारण अशी लिहावी:

‘कायदा लागू आहे (2014 ची सुधारणा). कूळ म्हणून मिळालेली जमीन विकायची असेल आणि मालकी मिळून दहा वर्षं झाली असतील, तर पूर्वपरवानगी लागत नाही. शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा भरावा लागतो. घेणारा शेतकरी हवा, त्याची एकूण जमीन कमाल धारणेच्या आत हवी, आणि तुकडेबंदी मोडता कामा नये. सातबारा, मालकीचं प्रमाणपत्र आणि त्याचा फेरफार घेऊन तहसील कार्यालयात जा. हे इनाम, गायरान किंवा देवस्थानच्या जमिनीला लागू नाही.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कोणाला लागू नाही हे लिहिलं की निम्मे हेलपाटे वाचतात.

पदांची नावं बदलली आहेत. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायक आता सहायक कृषी अधिकारी. लोक जुनंच नाव घेतात आणि खोलीच्या पाटीवर नवं असतं, म्हणून दोन्ही छापा. जिल्ह्यांचंही तसंच: छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं 2023 पासूनची; जुन्या कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद असलं तर ते कागद बाद होत नाहीत, हे सांगायला विसरू नका.

कामांच्या बातम्यांना वेगळी शिडी आहे. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. रस्ता कोणत्या पायरीवर आहे ते लिहा आणि किलोमीटर व गावांची नावं द्या. ‘कोट्यवधींचा निधी खेचून आणला’ या वाक्यातून गावाला काही कळत नाही. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटींचा; त्यात आमदार काम सुचवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. खर्चाची गाववार यादी छापली तर सभामंडप किती आणि शाळाखोल्या किती हे आपसूक दिसतं, आणि ते दिसावंच.

गावच्या बातम्या (यात्रा, सप्ताह, शिबिरं, दहावीचे निकाल) पानाच्या पाव भागात बसवा. टँकर, एसटीच्या जादा गाड्या आणि ग्रामसभेच्या तारखा यांना त्यातही आधी जागा. लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकासह छापायची नाही. लैंगिक अत्याचाराच्या घटनेत पीडितेची ओळख पटेल असं काहीही, गावाचं नावसुद्धा, टाळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली तो गुन्हा आहे. सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकलेले शब्दही छापू नका, त्यातून हक्कभंग ओढवतो.

छपाई आणि वाटप

ए-फोर कागद, दोन्ही बाजू, सात-आठशे शब्द, 14 पॉइंटचा टाइप. एकच फोटो, तोही कामाचा. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ फारसं कोणी उघडत नाही; प्रत्येक बातमीची वेगळी प्रतिमा आणि खाली तोच मजकूर टाइप करून पाठवा, म्हणजे पुढे पाठवणाऱ्याने फक्त मथळा उचलला असं होत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी दोन मिनिटांचा आवाजी संदेश करा. ज्या भागात उर्दू वाचणारे आहेत तिथे उर्दूत, देगलूर-बिलोलीच्या सीमेवर तेलुगूत निदान मुख्य बातमी द्यावी.

छापील प्रती आठवडी बाजार, रेशन दुकान, सोसायटी, आपले सरकार सेवा केंद्र आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर. तांडे आणि वस्त्या सुटतात, त्यासाठी वेगळा माणूस नेमा. डिसेंबरच्या अंकाची अडचण वेगळी: बीड, जालना, परभणीची हजारो ऊसतोड कुटुंबं तेव्हा कारखान्यांच्या फडावर असतात. त्यांना मुकादमांच्या गटांवरून मजकूर पाठवा, आणि मार्च-एप्रिलमध्ये माणसं परतली की डिसेंबरचा मजकूर ताज्या तारखेसह पुन्हा वाटा. मुदती डिसेंबरात संपणाऱ्या असतील तर गावी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती प्रत पडेल असं बघा.

आचारसंहिता लागली की सरकारी खर्चातून निघणारं पत्रक थांबवायचं. पक्षातर्फे काढलं तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर तो नसणं गुन्हा आहे.

अर्ज केला आणि काम अडलं तर काय, हे प्रत्येक अंकात कायम चौकटीत ठेवा. अधिसूचित सेवा (जिची मुदत शासनाने जाहीर केली आहे) असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली मुदत उलटल्यावर किंवा नकार आल्यावर 30 दिवसांत त्याच विभागातल्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील, त्यावर दुसरं अपील, आणि मग राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना टाळणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. अर्जाची पोच घेतली नसेल तर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून ‘पोच घ्या’ हे शब्द चौकटीत सर्वांत मोठ्या अक्षरात टाका.

शेवटच्या कोपऱ्यात ‘मागच्या अंकातलं पुढे काय झालं’ हे सदर ठेवा. मागे ज्याला आश्वासन म्हटलं होतं ते आज कोणत्या टप्प्यावर आहे, एका ओळीत. हललं नसेल तर ‘हललं नाही’ असंच लिहा, आणि कोणत्या विभागाकडे अडलं आहे ते जोडा. मागच्या अंकात कलम, रक्कम किंवा तारीख चुकली असेल तर दुरुस्ती याच जागी, चुकीचा आकडा पुन्हा न छापता फक्त बरोबर आकडा द्या.