जुना गीझर भंगारात देण्याआधी: घरच्या घरी करायची साफसफाई आणि दुरुस्ती

मुंबईत घर तापवायची वेळ कुणावर येत नाही, पण पाणी तापवायची रोज येते. बाथरूमच्या माळ्यावर दहा-बारा वर्षं लटकलेला गीझर कुरकुर करायला लागला की मेकॅनिक येतो, वर नजर टाकतो आणि सांगतो, "आता नवाच घ्या." टाकी गळत नसेल तर हा सल्ला बहुतेक वेळा मानू नये. थोडा वेळ, दोन पाने (स्पॅनर) आणि एक नवं वॉशर यावर जुना गीझर पुन्हा नीट चालू लागतो.

आधी वीज नेमकी कुठे वाया जाते ते समजून घ्या, नाहीतर भलतीच गोष्ट बदलून बसाल. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं. 2000 वॅटची कॉइल हे काम अठरा-वीस मिनिटांत करते. 25 लिटरला एक युनिट आणि अर्धा तास धरा. पाण्यात बुडालेली कॉइल, नवी असो की जुनी, घेतलेली सगळी वीज पाण्यालाच देते. त्यामुळे "कॉइल जुनी झाली म्हणून बिल वाढलं" हे खरं नाही. वीज जाते ती तापलेलं पाणी टाकीत आणि पाइपात नुसतं पडून गार होतं तेव्हा. क्षार वेगळं नुकसान करतात. कॉइलवर थर बसला की ती आतून प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस जळते. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाच्या, नळीवर थर बसला तर तापमान चुकीचं कळतं आणि गीझर वेळेआधी बंद होऊ शकतो. तळाशी गाळ साचला तर 15 लिटरच्या टाकीत तेवढं पाणी मावतच नाही.

पालिकेचं तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी तसं हलकं असतं, त्यावर चालणारा गीझर वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो. पण ज्या सोसायटीत बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत मिसळतं, तिथे दरवर्षी गीझर उघडावा लागतो. नळाच्या तोंडावर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर जमत असेल तर तुमची सोसायटी त्यातली समजा.

उघडण्याआधी दोन तपासण्या

पहिली घड्याळाची. गार पाण्याने भरलेला गीझर चालू करा आणि दिवा किती वेळात विझतो ते बघा. 15 लिटरचा दिवा सात-आठ मिनिटांतच विझला आणि पाणीही पुरलं नाही, तर आत क्षार आहेत किंवा थर्मोस्टॅट बिघडलाय.

दुसरी तपासणी बरेच मेकॅनिकही करत नाहीत. गीझर बंद करा, त्याला गार पाणी देणारा कॉक पूर्ण बंद करा आणि फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. थोडं पाणी येऊन थांबायला हवं. धार चालूच राहिली तर घरातल्या एखाद्या मिक्सरमधून (गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळातून) गार पाणी गरम पाण्याच्या लाइनीत शिरतंय. गीझर व्यवस्थित तापवतोय, पण तुमच्या बादलीत कोमट पडतंय. अशा वेळी गीझरला हात लावू नका, मिक्सरचं कार्ट्रिज बदला. या एका गोष्टीपायी कितीतरी चांगले गीझर भंगारात गेलेत.

खोलायचं कसं

गॅरंटी चालू असेल तर स्वतः खोलू नका. नसेल तर आधी एमसीबी (पॅनेलमधला गीझरचा ट्रिप होणारा स्विच) पाडा, नुसत्या बटणावर विसंबू नका. आदल्या रात्रीपासून गीझर बंद ठेवा म्हणजे पाणी गार असेल. खालचं प्लास्टिकचं झाकण काढा, टेस्टर लावून करंट नसल्याची खात्री करा आणि तारांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग गार पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, खाली बादली ठेवा आणि गार पाण्याचा कनेक्शन पाइप सोडवा. नळ उघडल्याने वरून हवा आत जाते, तिच्याशिवाय टाकी रिकामी होत नाही. गीझर भिंतीवरून उतरवायची गरज नाही. हे उभ्या गीझरचं सांगतोय. आडव्यात झाकण बाजूला असतं, बाकी पद्धत तीच.

थर्मोस्टॅट हळूच ओढून काढा. मग टाकीचं तोंड बंद करणाऱ्या गोल पत्र्याचे नट समोरासमोरचे आळीपाळीने ढिले करा आणि पत्रा खाली घ्या. त्याच्यासोबत कॉइल आणि मॅग्नेशियमचा रॉड बाहेर येतो. बोअरिंगच्या पाण्यावर चाललेली कॉइल अंड्याच्या कवचासारख्या पापुद्र्यांनी मढलेली असते, बोट लावलं तरी तुकडे पडतात. टाकीच्या तळातून ओली पांढरी रेती ओंजळीने निघते.

गाळ हाताने किंवा प्लास्टिकच्या चमच्याने काढा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, आतल्या काचेच्या थराला चरा गेला तर तिथून गंज धरतो. कॉइलसाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवा आणि फक्त पाण्यात राहणारा भाग बुडवा, तारा जोडायची टोकं कोरडी राहू द्या. बुडबुडे येतील, ते थांबले की जुन्या टूथब्रशने घासा. फरशी धुवायचं ॲसिड वापरू नका, ते क्षारांबरोबर कॉइलचं आवरणही खातं.

आता रॉड बघा. टाकीऐवजी आपण गंजायचं, एवढंच त्याचं काम. तो अर्ध्याहून बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदलाच. माझ्या मते गीझरमधली सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच. कॉइल जळली तर नवी मिळते, पण रॉड संपल्यावर टाकी गंजली की गीझरच संपला. नवा आणायला जुना रॉड आणि वॉशर सोबत घेऊन लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जा, अंदाजाने मापं सांगू नका.

मल्टिमीटर असेल तर कॉइलची दोन टोकं तपासा. 2000 वॅटच्या कॉइलला साधारण 26 ओहम दिसायला हवेत, काहीच दिसलं नाही तर ती जळलेली. कोणतंही टोक आणि पत्रा यांच्यात काही आकडा दिसला तर ती कॉइल करंट गळवतेय, तिथल्या तिथे टाकून द्या.

परत बसवताना

वॉशर नवंच घाला. नट पुन्हा समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पाइप जोडताना टेफ्लॉन टेप लावा, कॉक उघडा आणि गरम पाण्याच्या नळातून हवा संपून अखंड धार येईपर्यंत थांबा. त्याआधी एमसीबी उचलला तर कोरडी कॉइल काही क्षणांत जळेल. गळती नाही ना ते बघूनच तारा जोडा. अर्थिंगची तार सर्वांत आधी.

थर्मोस्टॅट 55 ते 60 अंशांच्या दरम्यान ठेवा. त्याहून वर ठेवलं तर क्षार झपाट्याने बसतात, फार खाली ठेवलं तर साठलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात. गीझरपासून नळापर्यंतचा उघडा पाइप लांब असेल तर त्यावर फोमची नळी चढवा. आणि गीझर दिवसभर चालू ठेवू नका. अंघोळीआधी वीस मिनिटं लावा, आत शिरताना बंद करा. यात बिलही वाचतं आणि जीवही.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकलं की लोक घाबरून त्याचं तोंड बंद करतात. हे कधीही करू नका. 15 लिटर पाणी तापताना फुगतं आणि सुमारे 200 मिलिलिटर जास्त जागा मागतं. तेवढं ठिबकणं योग्यच आहे. गीझर बंद असतानाही सतत ठिबकत असेल, तर कारण पाण्याचा दाब असू शकतं. उंच इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून येणारा दाब जास्त असतो. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार. तिथे प्लंबरकडून दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून घ्या.

घरच्या पॅनेलमध्ये 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवा, अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासून घ्या. गॅस गीझर मात्र अजिबात खोलू नका. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास येतो. आणि टाकीच गळत असेल तर नवा घ्यायला हरकत नाही. नव्या गीझरवरचे वीजबचतीचे तारे (स्टार) साठवलेलं पाणी किती हळू गार होतं ते सांगतात, म्हणून गीझर तासन्‌तास चालू राहणाऱ्या मोठ्या कुटुंबात जास्त ताऱ्यांचा घेणं परवडतं.