‘टेक पेन्स’ म्हणजे दुखणं अंगावर काढणं नव्हे, या चुका टाळा

मिरजेत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, रोज चार माणसं तरी इंग्लिशमधून कायतरी लिहून घ्यायला येतात, कुणाचा बायोडाटा, कुणाचा रजेचा अर्ज, कुणाचं बँकेला पत्र. गेल्या वर्षी सतारमेकर गल्लीतले एक चाचा आले, सोबत पुतण्या. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला तानपुरा पाठवायचा होता आणि आधी मेल करायचा होता की आम्ही एकेका वाद्यावर किती कष्ट घेतो, शिवाय २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय तेही कळवायचं होतं. मी आपलं फटाफट टाईप केलं, ‘अवर वर्कर्स टेक मच पेन इन एव्हरी तानपुरा’. गेला मेल.

दोन दिवसांनी उत्तर आलं. किंमत नाही, पार्सल नाही, पहिलीच ओळ अशी की तुमच्या कारागिरांना त्रास होतोय हे वाचून वाईट वाटलं, त्यांची पाठ दुखते का, बसायची सोय नीट आहे का. चाचा म्हणाले, "काय ओ, हा आमची तब्येत का विचारतोय? तुम्ही काय कळवलं त्याला?"

चूक माझीच होती. एका ‘एस’ची. आणि हीच चूक मी गिऱ्हाइकांच्या कच्च्या कागदावर आठवड्यातून दोनदा तरी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

इंग्लिशमध्ये ‘पेन’ म्हणजे दुखणं, आणि ‘टेक पेन्स’ म्हणजे काळजीपूर्वक मेहनत घेणं. या दुसऱ्या अर्थाला शेवटचा ‘एस’ लागतोच लागतो, एक माणूस असो नाहीतर दहा, काम एक असो नाहीतर शंभर. ‘टेक पेन’, ‘टेक अ पेन’, ‘टेक मच पेन’ हे तिन्ही सोडून द्या. (मराठीत लिहिलं तर ‘टेक पेन’ म्हणजे शाईचा पेन उचला असंही वाटतं, ते वेगळंच.) बोलताना शेवटचा उच्चार ‘झ’कडं झुकतो, पेन्झ असा, नाहीतर ऐकणाऱ्याला इंग्लंडची चिल्लर ऐकू येते.

आता हे लक्षात कसं ठेवायचं? मला बरेच दिवस जमत नव्हतं, मग एकदा दुकानात बसल्या बसल्या सुचलं की अरे हे तर आपल्या मराठीतच आहे. आपण ‘खूप कष्ट घेतला’ म्हणतो का? नाही. ‘कष्ट घेतले’. कायम अनेकवचन. आणि ‘त्रास’? ‘त्रास झाला’, एकवचन. क्रियापद सुद्धा तेच, आपणही कष्ट ‘घेतो’ आणि तेही पेन्स ‘टेक’ करतात. त्यामुळं वाक्य लिहिताना मनात मराठी म्हणून बघायचं, तोंडातून ‘घेतले’ आलं तर एस लावायचा, ‘झाला’ आलं तर नाही. दहातल्या नऊ वेळा काम होतं.

दहावी वेळ म्हणजे कळा. ‘शी इज हॅविंग पेन्स’ म्हणजे बाई मेहनत घेतीय असं नाही ओ, तिला कळा सुरू झाल्यात, गाडी काढा. तिथं ‘हॅव’ आहे, ‘टेक’ नाही, फरक तेवढाच. मिरजेत दवाखाने इतके की कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात आणि नातेवाईक रजेचे अर्ज माझ्याकडंच टाईप करतात, त्यात ‘माय फादर इज टेकिंग पेन्स इन चेस्ट’ मी वाचलेलं आहे. वडील छातीत मन लावून काम करतायत असा त्याचा अर्थ होईल. साधं ‘हॅज चेस्ट पेन’ लिहा. ‘माय लेग इज पेनिंग’ पण आपल्याकडं सर्रास चालतं, बाहेरच्यांना ते खटकतं, ‘इज हर्टिंग’ लिहा, विषय संपला.

आता जरा नाजूक भाग, इथं वरची मराठीची युक्ती फसते. आपले कष्ट म्हणजे सगळंच आलं, उसाची मोळी डोक्यावर घेणं पण कष्ट आणि पोराचं शिक्षण करणं पण कष्ट. ‘टेक पेन्स’मध्ये घाम महत्त्वाचा नाही, बारकावा महत्त्वाचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर वाहणारा हमाल, त्याच्यासाठी ‘वर्क्स हार्ड’. तोच माल सौद्याला लावायच्या आधी जो माणूस बसून हळकुंडं एकेक करून निवडतो, कीड लागलेलं बाजूला, गड्डा बाजूला, तो ‘टेक्स पेन्स’. घाम हमालाचाच जास्त गळतो, पण शब्द निवडणाऱ्याला मिळतो, भाषा अशी अन्यायकारक असते कधी कधी.

चाचांकडं जाऊन मी हे डोळ्यानं बघितलं तेव्हा जास्त कळलं. तानपुऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवणं. घोडीवर कानस फिरवायची, अगदी हलकी, दोन-तीन हात, मग तार चढवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, छेडायचं, कान लावून ऐकायचं, ‘नाही’ म्हणून मान हलवायची, तार उतरवायची, परत कानस. मी तासभर बसलो, चहा झाला, एकच तार चालली होती. जास्त घासलं तर घोडी गेली. ताकद म्हणाल तर काहीच लागत नाही. हे ‘टेकिंग पेन्स’.

पुढचा घोळ म्हणजे त्याच्यानंतर काय लिहायचं. काम सांगायचं असेल तर ‘टू’ आणि क्रियापद, ‘दे टुक ग्रेट पेन्स टू ट्यून इट’. वस्तू सांगायची असेल तर ‘ओव्हर’ किंवा ‘विथ’, ‘ही टुक पेन्स ओव्हर द पॉलिश’. आपण मराठीत ‘पॉलिशसाठी कष्ट घेतले’ म्हणतो म्हणून हात आपोआप ‘फॉर’वर जातो, तो आवरायचा. कारण ‘फॉर हिज पेन्स’ हे वेगळंच प्रकरण आहे, त्याचा अर्थ ‘एवढं करून वर मिळालं काय, तर हे’. ‘ही हेल्प्ड देम अँड गॉट अ स्कोल्डिंग फॉर हिज पेन्स’, म्हणजे मदत करायला गेला आणि शिव्या खाऊन आला. भाऊबंदकीत मध्ये पडलेल्या माणसाला हे वाक्य लगेच पटेल. आणि जोर द्यायचा असेल तर ‘मच’ किंवा ‘व्हेरी’ नको, ‘ग्रेट पेन्स’ म्हणायचं.

विनंतीच्या पत्रात हा शब्द घालू नका. ‘आपण तसदी घेतलीत, आभारी आहे’ हे आपल्याकडं छान वाटतं, पण ‘थँक यू फॉर टेकिंग पेन’ वाचून साहेब गोंधळतो. तिथं ‘थँक यू फॉर टेकिंग द ट्रबल’. आणि ‘प्लीज टेक पेन्स टू सेंड द बॅलन्स पेमेंट’ असं तर अजिबात नको, समोरच्याला वाटेल आपण त्याला निष्काळजी म्हणतोय. उधारी मागताना साधं प्लीज पुरतं.

‘अ‍ॅट पेन्स’ दिसलं तर दचकू नका, कुणाला काही दुखत नाही. ‘द मिनिस्टर वॉज अ‍ॅट पेन्स टू से’ असं पेपरात येतं, म्हणजे मंत्री पुन्हा पुन्हा, आवर्जून सांगत होते. माझ्या एका गिऱ्हाइकानं त्याचं भाषांतर ‘मंत्री वेदनेने म्हणाले’ असं केलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते भाषांतर मलाच जास्त आवडलं होतं.

बायोडाट्यात सगळ्यात जास्त बिघडतो तो ‘पेन्सटेकिंग’. एकच शब्द, मधे जागा नाही, आणि फोडायचा तर पेन्स आणि टेकिंग असा. बोलताना तो ‘पेन-स्टेकिंग’ ऐकू येतो म्हणून लोक स्टेक म्हणजे काय ते डिक्शनरीत शोधत बसतात. काही जण ‘पेनटेकिंग’ लिहितात. आणि एका पोरानं लिहून आणलं होतं, ‘आय अ‍ॅम अ व्हेरी पेनफुल वर्कर’. गंमत म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वी ते बरोबर धरलं असतं, तेव्हा ‘पेनफुल’चा एक अर्थ मेहनती असाही होता, पाद्र्याला कौतुकानं ‘पेनफुल प्रीचर’ म्हणायचे. आज तसं लिहिलं तर इंटरव्ह्यूचा कॉल येणार नाही.

दुखण्याचा आणि मेहनतीचा संबंध आला कुठून, असं पुतण्यानं विचारलं होतं. मूळ लॅटिनमधला ‘पोएना’, म्हणजे दंड, शिक्षा, तो फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये आला. पेनल्टी त्याच घरातला, आणि १८६० चा इंडियन पीनल कोड, ज्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यातला पीनल पण. शिक्षेपासून यातना, यातनेपासून कष्ट, असा तो सरकत आला. चाचा म्हणाले, "म्हणजे कष्ट ही शिक्षाच की." पुतण्या गप्प.

चुकीचा मेल आधीच गेला असेल तर? लांबलचक माफी लिहू नका, पुढच्या मेलमध्ये बरोबर वाक्य आपसूक घाला. आम्ही लिहिलं, ‘वी टेक ग्रेट पेन्स ओव्हर द जवारी’ आणि कारागीर ठणठणीत आहेत हेही कळवलं. पण त्याच्या आधी मी घाबरून एक मसुदा केला होता, त्याची शेवटची ओळ होती ‘सॉरी फॉर द पेन’. पुतण्यानं सेंड दाबायच्या आधी बोट धरलं म्हणून वाचलो.