हिरड्या मागे सरकू लागल्या तर काय करावे?

दात पूर्वीपेक्षा लांब दिसू लागतात, माठातलं पाणी प्यायलं तरी कळ जाते, ब्रशला रक्त लागतं. घरोघरी ही तक्रार असते आणि ‘वय झालं की होतंच’ म्हणून सोडून दिली जाते. कृपा करून सोडून देऊ नका. सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही, कुठल्याही तेलाने किंवा मंजनाने ती वाढत नाही. पण आहे तिथे तिला थांबवणं बहुतेकदा जमतं.

१. आधी आरशात नीट पाहा

चांगल्या उजेडात ओठ आणि गाल बोटाने बाजूला ओढा. सुळ्यांपासून सुरुवात करा. पांढरा दात आणि हिरडी यांच्या मध्ये पिवळसर पट्टा दिसतो का? ते दाताचं उघडं पडलेलं मूळ. त्यावर इनॅमलचं कवच नसतं, म्हणून तिथे थंड-गरम झोंबतं आणि कीडही लवकर लागते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, काही महिन्यांनी ताडून पाहता येईल.

२. कारण ओळखा

उपाय कारणावर ठरतो, म्हणून इथे घाई नको. हिरडी गुलाबी आणि घट्ट आहे, रक्त येत नाही, पण सुळ्यांपाशी सरकली आहे, दाताला खाचही पडली आहे, तर बहुधा ब्रशचा जोर नडतोय. हिरडी लाल, सुजलेली, रक्त येणारी आणि तोंडाला वास असेल, तर कीटण (दातांवर साचलेला थर) आणि हिरड्यांचा आजार, म्हणजे आपण ज्याला पायरिया म्हणतो तो. मधुमेह ताब्यात नसेल तर हा आजार झपाट्याने वाढतो.

तंबाखू-चुन्याची गोळी जिथे धरली जाते, नेमकी तिथलीच हिरडी खाली गेलेली दिसते. मशेरीचं तर विशेष वाईट वाटतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, मशेरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते आणि अनेक आया-आज्या ती ‘दात घासायला’ म्हणूनच लावतात. तिने दात साफ होत नाहीत. तो तंबाखूच आहे, सवयही तंबाखूचीच लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: धुरामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतला आजार झाकला जातो.

३. घासण्याची पद्धत बदला

ब्रश ‘सॉफ्ट’ घ्या आणि मुठीत न आवळता पेनासारखा धरा. जोर आपसूक कमी होतो. केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर साधारण ४५ अंशांत तिरपे टेकवा, जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवा. आडवं खसाखसा घासणं पूर्ण बंद. फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं चुकवू नका. कोळसा, राखुंडी, विटेची पूड, भरड मीठ यांनी उघडं मूळ झिजतं. लिंबू किंवा कोकम सरबत प्यायल्यावर अर्धा तास ब्रश लावू नका, नुसती चूळ भरा. दातांमधल्या फटींसाठी बारीक इंटरडेंटल ब्रश मिळतो, तो वापरा.

४. शिवशिवणाऱ्या दातांसाठी

पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटी पेस्ट काही आठवडे रोज वापरली तरच गुण येतो. घासून झाल्यावर फेस थुंका, लगेच खळखळून चूळ भरू नका. नुसतं झोंबणं थांबलं म्हणजे हिरडी बरी झाली असं समजू नका.

५. दातांच्या डॉक्टरांकडे जा

कडक झालेलं कीटण ब्रशने निघत नाही, त्याला स्केलिंगच, म्हणजे डॉक्टरांनी अवजाराने खरवडून काढणंच लागतं. ‘साफ केल्याने दात हलतात’ या भीतीने लोक वर्षानुवर्षं टाळतात. खरं असं की हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या थराने फटी बुजलेल्या असतात. थर निघाला की त्या दिसू लागतात.

डॉक्टर बारीक खुणांची सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून तिची खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक, त्याहून खोल असेल आणि रक्त येत असेल तर भूल देऊन मुळापर्यंत सफाई करावी लागू शकते. मूळ फार उघडं असेल तर तोंडातल्या टाळूचा थोडा मांसल भाग काढून तिथे बसवण्याची शस्त्रक्रिया होते. दातांच्या मधलं हाड शाबूत असेल तर तिचा परिणाम चांगला मिळतो, म्हणून उशीर नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, पण स्वतःहून ती बंद करू नका.

खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. दात हलत असेल, पू येत असेल किंवा सूज गालापर्यंत गेली असेल, तर त्याच दिवशी जा.