वकिलाकडे पैसे अडकले तर तक्रार कशी करायची

सोलापूर कोर्टाबाहेर टायपिंगच्या टेबलावर माझी एकवीस वर्षं गेली. वकील हेच माझं गिऱ्हाईक, त्यामुळं हे लिहिताना हात अडखळतो. पण अक्काचं जे झालं त्यावर गप्प बसवत नाही.

दाजी अक्कलकोट रोडला अपघातात गेले. भरपाईचा निकाल लागला, पण वकीलसाहेबांचं एकच पालुपद: "विमा कंपनीनं पैसे भरले नाहीत." अक्का विडी कारखान्यातनं सुटली की त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायची. शेवटी मीच कोर्टात नकलेचा, म्हणजे प्रकरणाच्या कागदांची शिक्क्याची प्रत मिळवायचा, अर्ज टाकला. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणात तारखेवार काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीत, एकच ओळ: रक्कम जमा, चेक अदा. आठ महिन्यांपूर्वीची! वकीलपत्राबरोबर कोऱ्या कागदावर घेतलेली अक्काची सही तिथं कामाला आली होती.

म्हणून भांडायला जायच्या आधी नक्कल काढा. भांडण झालं की समोरचा सावध होतो.

मग स्पीड पोस्टानं लेखी हिशेब मागा, पावती जपा. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं, फी आणि खर्च वेगळे दाखवणं, त्याच्या नावानं आलेली रक्कम लवकरात लवकर कळवणं आणि मागितल्यावर हिशेबाची प्रत देणं, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच आहे. फी थकली म्हणून फाईल अडवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय.

उत्तर आलं नाही तर तक्रार. इथल्या वकील संघटनेला सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर, कारवाई करता येत नाही. अर्ज जातो मुंबईला, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडं, 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली. अर्जाच्या शेवटी व्हेरिफिकेशन, म्हणजे लिहिलेलं खरं असल्याचं सहीनिशी कथन, हवं, सोबत फी भरायची. वकिलाचा सनद नंबर वकीलपत्रावर सापडतो. लोक माझ्याकडं "चोर, हरामखोर" लिहून आणतात. मी ते सगळं खोडतो. कुठल्या तारखेला किती पैसे, कुठल्या कागदावरून कळलं, एवढंच टाइप करतो. आरोप पक्का सिद्ध करावा लागतो, शिव्यांनी होत नाही.

प्रकरण शिस्तपालन समितीकडं गेलं तर तिथं तिघं बसतात. ताकीद, काही काळ सनद स्थगित, नाहीतर वकिलांच्या यादीतनं नाव कायमचं कमी. वर्षात निकाल झाला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं जातं. निकाल पटला नाही तर 60 दिवसांत अपीलही तिथंच.

पैशाचं मात्र वेगळं. शिक्षा झाली म्हणून रक्कम आपोआप खात्यात येत नाही. वसुलीला दिवाणी दावा, विश्वासघाताला पोलीस. ग्राहक आयोगात जाऊ नका. वकिलाची सेवा त्या कायद्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 14 मे 2024 ला ठरवलं.

अक्काच्या तक्रारीच्या मुंबईत दोन तारखा झाल्यात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघते, पदरात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. झेरॉक्स मागाल तेवढ्या देते. मूळ कागद कुणाच्या हातात देत नाही, माझ्याही नाही.